अण्णांचे मागणे



स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला तेव्हा विषय कोणता घ्यावा हे पटकन सुचेना. सहलीच्या, स्नेहसंमेलनाच्या आणि सरांच्या छडीच्या आठवणी तुम्ही सगळे लिहिणारच. मग मनात आले, आपल्या हॉलमध्ये व्यासपीठाच्या वर ज्यांचा फोटो होता, पांढरी दाढी, खादीचे कपडे, खांद्यावर घोंगडी, त्यांच्याविषयी लिहावे. म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आपल्या सगळ्यांचे अण्णा.

तुम्ही म्हणाल, त्यात नवे काय? दर २२ सप्टेंबरला प्रभातफेरी, मग भाषणे, मग खाऊ. पाचवीपासून दहावीपर्यंत मी स्वतः सहा वेळा अण्णांवर भाषण केले आहे. जन्मतारीख, जन्मगाव, संस्थेची स्थापना, वटवृक्ष, टाळ्या. सगळे तोंडपाठ होते. पण खरे सांगतो, अण्णांचे चरित्र मी पहिल्यांदा नीट वाचले ते वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही एका नामंजूर अर्जामुळे.

मी विज्ञानाचा शिक्षक. नोकरीची बरीच वर्षे दुष्काळी भागातल्या एका माध्यमिक शाळेत गेली. आमच्या वर्गातली कितीतरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. प्रयोगशाळेत प्रत्येक साहित्याचा एकच संच. मी टेबलावर प्रयोग करून दाखवायचा आणि साठ मुलांनी लांबून बघायचा. मला वाटायचे, चार-चार मुलांत एक लहान प्रयोगपेटी असावी. भिंग, चुंबक, तारा, बल्ब, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांनी जाताना एक पेटी फडावर न्यावी आणि तिथे वहीत नोंदी करून आणाव्यात. कंपन्यांनी नफ्यातला ठरावीक वाटा सामाजिक कामावर खर्च करायचा असा कायदा नुकताच लागू झाला होता. मी २०१५ साली एका मोठ्या कंपनीकडे चौदा पानी अर्ज केला. नामंजूर. पुढच्या वर्षी पुन्हा केला. पुन्हा नामंजूर. कारण दोन्ही वेळा कळवले नाही.

मी फार खट्टू झालो. आमचे मुख्याध्यापक अनुभवी होते. त्यांनी कपाटातून अण्णांचे चरित्र काढून माझ्या हातात दिले आणि सुट्टीत वाचायला सांगितले. या माणसाने जन्मभर लोकांकडे मागितलेच आहे, कसे मागितले तेवढे बघ, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. म्हणून मी ते चरित्र परीक्षेसाठी किंवा भाषणासाठी न वाचता अर्जदार म्हणून वाचले. त्यातून मला जे अण्णा दिसले ते इथे लिहितो.

बोर्डिंगमधून काढलेला मुलगा

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी, एका जैन शेतकरी घराण्यात झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला. मुलाने शिकून मोठे व्हावे म्हणून त्यांनी त्याला कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले आणि जैन बोर्डिंगमध्ये ठेवले.

भाऊरावांचे लक्ष पुस्तकापेक्षा तालमीत जास्त. पण कोल्हापुरात त्या वेळी दुसरीच एक शाळा भरत होती, शाहू महाराजांची. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी महाराज वसतिगृहे काढत होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसायचे असा बोर्डिंगचा दंडक. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचा कारभार तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे.

शिक्षण तिथेच अडखळले. भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. ज्याच्या संस्थेत पुढे हजारो पदवीधर झाले त्या माणसाकडे स्वतःचे दाखवण्यासारखे एकही प्रमाणपत्र नव्हते. अर्जाला सोबत काय काय जोडायचे याच्या याद्या करताना मला हे नेहमी आठवते.

पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. तुरुंगात त्यांचे अतोनात हाल झाले. जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत पाळी आली, पण ज्यांनी बोर्डिंगमधून काढले होते त्यांच्याविरुद्ध खोटे बोलायला ते तयार झाले नाहीत. चरित्रातल्या या पानावर मी बराच वेळ थांबलो होतो. पुढे लोकांनी या माणसाच्या हातात डोळे झाकून धान्य, जमिनी आणि पैसे का ठेवले, याचे उत्तर मला याच पानावर मिळाले. देणारा कागदाआधी माणूस पारखतो.

कंदील विकणारा माणूस

पोटासाठी भाऊरावांनी बरेच उद्योग केले. साताऱ्यात मुलांच्या शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काचकारखान्याचे फिरते विक्रेते झाले. प्रभाकर कंदील आपल्यापैकी अनेकांच्या घरी होता, तो याच कारखान्याचा. किर्लोस्करांच्या नांगराचाही प्रसार त्यांनी केला. या फिरतीत त्यांनी सातारा-सांगलीकडची खेडी अक्षरशः पायाखाली घातली. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या गावात शाळा आहे पण चौथीनंतर पोरे गुरांमागे जातात, कोणता पाटील मनाने मोठा आहे आणि कोणता नुसता बोलतो, हे सगळे त्यांना माहीत झाले.

मित्रांनो, आजच्या भाषेत याला गरजांचे सर्वेक्षण म्हणतात आणि अर्जात त्याचा एक रकाना असतो. माझ्या पहिल्या अर्जात तो रकाना मी शिक्षक खोलीत बसून एका तासात भरला होता. अण्णांनी तो भरायला दहा वर्षे घेतली, आणि तीही चालत.

मूठभर धान्य

वसतिगृहाचा पहिला प्रयोग १९१० च्या सुमारास दुधगावला झाला. तिथल्या काही धडपड्या मंडळींबरोबर भाऊरावांनी आसपासच्या खेड्यांतल्या मुलांसाठी आश्रम काढला. खर्चाची तोंडमिळवणी करायला मुष्टिफंड होता. घरातल्या बाईने दळायला किंवा शिजवायला धान्य घेताना एक मूठ बाजूला काढायची आणि ते धान्य ठरल्या दिवशी मुलांनी गोळा करून न्यायचे.

मला ही कल्पना फार मोठी वाटते. ज्या घरात रोख रुपया दिसत नाही त्या घराकडेही देण्यासारखे काही असते हे अण्णांनी ओळखले. आणि जी बाई रोज मूठभर जोंधळा बाजूला काढते तिला ती शाळा परक्याची वाटत नाही. उद्या तिचा पोरगा शाळेत जाणार नाही म्हणाला तर तीच त्याला पाठवेल.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी सत्यशोधक विचारांच्या मंडळींच्या साक्षीने रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. कामाची सुरुवात वसतिगृहाने झाली, शाळा पुढे निघाल्या. याचे कारण साधे होते. शाळा तालुक्याला किंवा शहरात असायची. खेड्यातल्या पोराला तिथे राहायला आणि खायला मिळाले तरच तो शिकणार. आधी भाकरी, मग पाटी.

त्याच काळात साताऱ्यात एक कारखाना उभा करण्यात अण्णांनी घाम गाळला. नफ्यातला वाटा शिक्षणासाठी मिळेल असे त्यांना सांगितले गेले होते. तो मिळाला नाही. अण्णा भयंकर संतापले आणि तिथून बाहेर पडले. एकाच धनवंताच्या शब्दावर सगळे काम टांगून ठेवायचे नाही, हा धडा त्यांनी तिथे घेतला असावा असे मला वाटते. कारण यापुढे त्यांची झोळी नेहमी अनेक दारांपुढे गेलेली दिसते.

वहिनींचे मंगळसूत्र

१९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, सगळी मुले एका छपराखाली राहू लागली, एका चुलीवरचे खाऊ लागली. आज हे वाक्य आपण सहज वाचतो. त्या काळी जातवार वसतिगृहे असणे हीच पुढारलेली गोष्ट होती. सर्वांची पंगत एक असणे हे नवल होते, आणि अनेकांच्या दृष्टीने पापही होते. देणगी मागायला गेल्यावर दार लावून घेणारे त्यामुळे काही कमी नव्हते. पंगत वेगळी करा, पैसे देतो, अशा अटीवर अण्णा पैसे घेणे शक्यच नव्हते.

या पोरांचा भार कोणी उचलला? लक्ष्मीबाईंनी. अण्णांची पत्नी, मुलांच्या वहिनी. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई, सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. मुलांचे दुखणेखुपणे काढले. दागिने एकेक करून गेले. एकदा वसतिगृहात धान्य संपले, अण्णा वर्गणीसाठी बाहेरगावी गेलेले, आणि पोरे उपाशी. तेव्हा वहिनींनी गळ्यातले मंगळसूत्र मोडायला दिले. ३० मार्च १९३० रोजी त्या गेल्या. संस्था रांगती झालेली तेवढी त्यांनी पाहिली.

या भागावर आपण भाषणात हमखास टाळ्या घ्यायचो. आता मला टाळी वाजवावीशी वाटत नाही. आता वाटते की त्या दिवशी दुसरे कोणीतरी पुढे यायला हवे होते. गरीब मुलांच्या शिक्षणाचा खर्च एका बाईच्या गळ्यातल्या डोरल्यावर पडू नये, म्हणून समाजाकडे आणि सरकारकडे हक्काने मागायचे असते. पुढची तीस वर्षे अण्णांनी तेच केले.

हाताला काम, पाटीला अक्षर

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. ज्या राजाच्या सावलीत अण्णा घडले त्याचे नाव त्यांनी दिले, स्वतःचे नाही. पुढे हरिजन सेवक निधीतून संस्थेला दरवर्षी ५०० रुपयांची मदत गांधीजींनी मिळवून दिली. साताऱ्याच्या राजघराण्याकडून धनिणीच्या बागेची जागा मिळाली. खेडूताकडून धान्य, राजाकडून जागा, पुढाऱ्याकडून निधी. ज्याच्याजवळ जे आहे ते त्याच्याकडे मागायचे, ही अण्णांची पद्धत होती.

आणि मुलांकडे काय होते? दोन हात. म्हणून मुलांकडून श्रम घेतले. 'कमवा आणि शिका' हे नाव आज विद्यापीठांच्या योजनांनाही दिले जाते, पण मुळात ते साताऱ्याच्या माळावर घडले. मुलांनी खडकाळ जमीन फोडली, माती वाहिली, भाजीपाला पिकवला, स्वयंपाक केला, इमारतींसाठी दगड आणि विटा उचलल्या. पैसे वाचवणे एवढाच त्यामागे हेतू नव्हता. फुकट जेवणाऱ्या मुलाची मान खाली असते, कष्ट करून जेवणाऱ्याची वर. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद झाले ते यातून. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, ते याच तत्त्वावर चालणारे मोफत आणि निवासी विद्यालय होते. शिकण्याची ही वेगळी रीत होती, आणि ती गरिबीतून निघाली होती.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आपल्यापैकी अनेकांना माहीत नाही की सहावीपासून दहावीपर्यंत मीही बोर्डिंगमध्ये काम करून शिकलो. पहाटे बागेला पाणी, संध्याकाळी पंगतीची भांडी. वर्गात कोणी विचारले की नखांत माती कशाची, तर मी सांगायचो, पळायला जातो, मैदानावर पडलो. पाच वर्षे हेच सांगितले. साखर कारखान्यावर नोकरी करणाऱ्यांची मुले माझ्या बाकावर बसायची आणि मला लाज वाटायची. ज्या अण्णांवर मी दरवर्षी भाषण करत होतो, त्यांनीच दिलेले काम मी लपवत होतो. आज चाळीस वर्षांनी ते इथे लिहून टाकतो, म्हणजे बरे वाटेल.

सरकारदरबारी

लोकवर्गणीवर वसतिगृह चालते, पण शेकडो गावांत मास्तर नेमायचे तर सरकारी अनुदान लागते. अण्णांना हे पक्के ठाऊक होते. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खेड्यांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज साताऱ्यात निघाले. पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव तेव्हा चालू होता, म्हणून त्याला सिल्व्हर ज्युबिली असे नाव दिले. पुढे तेच महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. सत्यशोधक अण्णांना बादशहाच्या नावाचे प्रेम असेल असे मला वाटत नाही. पण मास्तर तयार व्हायला हवे होते, आणि दार ज्या नावाने उघडते ते नाव त्यांनी घेतले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि अर्थखाते कोणाकडे, तर तेच अण्णासाहेब लठ्ठे. शाळा नसलेल्या खेड्यांत खाजगी संस्थांनी व्हॉलंटरी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना अनुदान द्यावे असे धोरण आले. अण्णांनी ही संधी दोन्ही हातांनी घेतली. ट्रेनिंग कॉलेजातून तयार झालेले तरुण डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर पाठवले. कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे गोठ्याच्या पडवीत शाळा भरू लागल्या. अशा ५७८ शाळा संस्थेने चालवल्या. धोरण आले तेव्हा अण्णांजवळ मास्तर तयार होते आणि गावांची यादी डोक्यात होती. अनुदानाची योजना निघाल्यावर तयारीला लागणारे नेहमी मागे पडतात, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अनुदान थांबते

स्वातंत्र्य आले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तिथेही कष्ट करून शिकायची सोय होती. या कॉलेजची एक गोष्ट सांगतात. मोठी रक्कम देऊ करणाऱ्या एका धनिकाने कॉलेजला आपल्याकडचे नाव द्या अशी अट घातली. अण्णांनी साफ नकार दिला. एक वेळ बापाचे नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे ते काही बोलले, आणि देणगी परत गेली.

मग १९४८ आले. गांधीजींची हत्या झाली. आपल्या भागातही जाळपोळ झाली, माणसे उघड्यावर आली. त्या दिवसांत अण्णांनी जाहीरपणे केलेली टीका मुंबई सरकारला झोंबली आणि संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. कल्पना करा. शेकडो शाळा, हजारो मुले, मास्तरांचे पगार थकलेले. अण्णांचे वय साठीच्या पुढे, प्रकृती ढासळत चाललेली. शब्द मागे घेतले असते तर कदाचित प्रश्न लवकर मिटला असता.

अण्णा पुन्हा गावोगाव निघाले. जिथून सुरुवात केली होती तिथेच, लोकांच्या दारात. आणि लोकांनी दिले. शेतकऱ्यांनी दिले, शिकून नोकरीला लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी दिले, मास्तरांनी उपाशीपोटी शाळा चालू ठेवल्या. गाडगे महाराजांनी खेरांकडे अण्णांसाठी शब्द टाकला अशीही आठवण सांगितली जाते. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. आणि ज्या गांधीहत्येच्या प्रकरणातून हे सगळे उद्भवले त्याच गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे. जो संत स्वतः शाळेत गेला नव्हता त्याचे नाव महाविद्यालयाला देणारा माणूसही मॅट्रिक नापासच असू शकतो.

मला विचाराल तर अण्णांच्या चरित्राचा गाभा या वर्षात आहे. अनुदान घ्यायला त्यांना कमीपणा वाटत नव्हता. तो जनतेचा पैसा, जनतेच्या मुलांसाठी. पण अनुदान गेले म्हणून शाळा बंद पडणार नाही अशी मुळे त्यांनी आधीच खाली सोडली होती. मुष्टिफंडातल्या त्या मुठी तीस-चाळीस वर्षांनी उपयोगी पडल्या. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या खाली येऊन रुजतात आणि पुन्हा खोड होतात, हे आपण शाळेच्या आवारातच पाहिले आहे.

१९५९ साली भारत सरकारने अण्णांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. बोर्डिंगमधून काढलेल्या मुलाला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. मागे शंभरावर माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये, कितीतरी वसतिगृहे आणि स्वतःच्या नावावर जवळजवळ काही नाही.

तिसरा अर्ज

चरित्र वाचून झाल्यावर मी माझा चौदा पानी अर्ज पुन्हा काढला आणि मलाच हसू आले. त्यात नवोपक्रम, गुणवत्ता, सक्षमीकरण असे शब्द ओळीओळीत होते. गावातल्या एकाही माणसाचे काही नव्हते. मी आधी मागत होतो आणि नंतर सुरू करणार होतो. अण्णांनी नेहमी आधी सुरू केले होते.

मग गावच्या सुताराने जुन्या खिडक्यांच्या लाकडातून दोन पेट्या करून दिल्या. पालकांनी बल्ब, तारा, रिकाम्या बाटल्या दिल्या. एका मुकादमाने पेटी ट्रॅक्टरवरून फडावर नेली आणि चार महिन्यांनी फुटतूट न होता परत आणली. तिच्याबरोबर मुलांची वही आली. ऊस तोडणाऱ्या आईबापांच्या शेजारी बसून सहावीच्या मुलीने महिनाभर चंद्राच्या कला काढल्या होत्या. त्या वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स मी तिसऱ्या अर्जाला जोडल्या. दहा पेट्या मागितल्या, कोणता खर्च गाव करील ते पहिल्याच पानावर लिहिले. अर्ज तीन पानांचा. सहा पेट्यांचे पैसे मंजूर झाले. दोन वर्षांनी कंपनीचे धोरण बदलले आणि मदत थांबली. पेट्या थांबल्या नाहीत. मोडले ते सुताराने दुरुस्त केले, संपले ते पालकांनी भरले.

आता आपले काय?

मेळाव्यासाठी आपण जो निधी जमवला आहे त्यातून शाळेला सिमेंटची कमान बांधावी आणि तिच्यावर आपल्या तुकडीची नावे कोरावीत, असे ग्रुपवर ठरत आले आहे. ज्यांनी हा विचार मांडला त्यांचे शाळेवरचे प्रेम मला माहीत आहे, त्यांनी राग मानू नये. पण माझे मत वेगळे आहे, ते मेळाव्यात बोलायला जमेल न जमेल, म्हणून इथे लिहितो.

आपल्या शाळेच्या बोर्डिंगमध्ये आजही ऊसतोड आणि शेतमजुरांची मुले राहतात. त्यांच्यासाठी वीस प्रयोगपेट्या करूया. सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची गरज नाही. आपल्यापैकी एकाचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, त्याने पेट्यांचे कोपरे आणि कड्या द्याव्यात. एकीचे औषधांचे दुकान आहे, तिने परीक्षानळ्या आणि लिटमस बघावे. जे परदेशात आहेत त्यांनी पैसे द्यावेत, त्यांना तेच सोपे. ज्यांचे या वर्षी जमणार नाही त्यांनी एक रविवार येऊन पेट्या भरायला मदत करावी, ती मदत कमी धरायची नाही. आणि आपले निवृत्त सर आणि बाई, तुम्ही पूर्वीसारख्याच वह्या तपासून द्याव्यात. एवढे सुरू करूया. मग मोठ्या मदतीसाठी अर्ज करायचा झाला तर तो लिहायला मी आहे. दोनदा नापास झालेला अर्जदार आहे, चुका कुठे होतात ते मला ठाऊक आहे.

पेटीवर नाव कोणाचे घालायचे हा प्रश्न निघेलच. मला विचाराल तर लक्ष्मीबाईंचे घालावे.

मेळाव्याच्या दिवशी मी पहाटेच शाळेत येणार आहे. बोर्डिंगच्या मुलांबरोबर बागेला पाणी घालायचे ठरवले आहे. कोणाला यायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून साडेपाचला विहिरीपाशी यावे. नखांत माती जाईल, त्याला माझा इलाज नाही.